वर घाट, खाली कोकण

माझं माहेर जुन्नरचं आणि सासर बोईसरचं. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं झाली तरी आमच्या घरात 'वर' आणि 'खाली' हे दोन शब्द सुटलेले नाहीत. वरून कांदे-बटाटे येतात, खालून सुकट आणि चिकू जातात. "वरची माणसं कधी यायची आहेत?" असं सासूबाई विचारतात तेव्हा त्यांना माझे आईवडील अभिप्रेत असतात, देव नव्हे! दोन्हीच्या मध्ये घाट आहे. आपण तो इतक्यांदा चढतो-उतरतो की तो तिथे का आहे, हा प्रश्न सहसा पडत नाही.

मला तो पाडला नववीतल्या पुतणीने. भूगोलाच्या पुस्तकात पर्वतांचे प्रकार आहेत ना, वली पर्वत, गट पर्वत, ज्वालामुखी पर्वत वगैरे. तिचं म्हणणं सरळ होतं, "काकू, आपला सह्याद्री यातला कुठला?" मी म्हटलं सांगते. आणि मग सांगता सांगता मीच वाचत गेले. हा लेख त्या वाचनातून आलाय. भूगर्भशास्त्रातलं शिक्षण माझं काही नाही, फक्त घाटाच्या दोन्ही बाजूंना घर आहे एवढाच काय तो अधिकार.

आधी वली पर्वत. वळी म्हणजे घडी, चुणी. खडकाला घड्या पडू शकतात हेच मुळात पटायला जड. स्कॉटलंडमध्ये सर जेम्स हॉल नावाचे एक गृहस्थ होते. समुद्रकाठच्या कड्यांत त्यांना खडकांचे थर नागमोडी वळलेले दिसले. त्यांनी काय केलं, तर घरातली कापडं एकावर एक पसरली, वर वजन ठेवलं आणि दोन्ही बाजूंनी दाबलं. कापडांना अगदी तशाच चुण्या पडल्या. १८१५ साली त्यांनी हे छापून प्रसिद्ध केलं. आपल्याकडे पलंगावरची गोधडी दोन्ही हातांनी मध्ये सारणाऱ्या कुठल्याही बाईला हे ठाऊक आहे, पण तिला कोणी प्रबंध लिहायला सांगितला नाही, असो.

प्रश्न असा की बाजूंनी दाबतंय कोण? एकोणिसाव्या शतकातलं लाडकं उत्तर असं होतं की पृथ्वी निवत चालली आहे, निवताना आकसते आणि तिच्या सालीला सुरकुत्या पडतात. उदाहरण सुकलेल्या सफरचंदाचं देत. आपण डहाणू-घोलवडचा चिकू घेऊ, चार दिवस टोपलीत राहिला की त्याची साल कशी होते बघा. त्या सुरकुत्या म्हणजे आल्प्स, हिमालय. उत्तर सुटसुटीत होतं, फक्त चूक होतं. १८९६ मध्ये बेक्वेरेल यांना किरणोत्सर्ग सापडला, आणि पुढच्या काही वर्षांत कळलं की युरेनियम, थोरियमसारखी मूलद्रव्यं झिजताना सतत उष्णता देत असतात. म्हणजे पृथ्वी नुसती निवत नाहीये, तिच्या पोटात मंद शेगडीही आहे. आमच्या तारापूरला युरेनियमचे अणू फोडून वीज करतात. पृथ्वीच्या पोटात हेच युरेनियम कोणी न फोडता, आपलं आपण, अब्जावधी वर्षं झिजत आलंय. डोंगर हलवणाऱ्या उष्णतेत त्याचा मोठा वाटा आहे. (तारापूरच्या चिमण्यांकडे बघताना मला आता हे हटकून आठवतं.)

खरं उत्तर यायला १९६० चं दशक उजाडावं लागलं. खंड सरकतात असं वेगेनर यांनी १९१२ मध्येच मांडलं होतं, पण त्यांना फारसं कोणी मानलं नाही. नंतर समुद्रतळाचा अभ्यास झाला आणि पृथ्वीचं कवच मोठमोठ्या तुकड्यांचं आहे, ते तुकडे वर्षाला काही सेंटिमीटर या वेगाने सरकतात, हे सगळ्यांना मान्य करावं लागलं. भारताचा तुकडा उत्तरेला सरकत सरकत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी आशियाला जाऊन धडकला. मधल्या समुद्राच्या तळाचा गाळ चेपला, त्याला घड्या पडल्या आणि तो उचलला गेला. तो हिमालय. एव्हरेस्टच्या माथ्यावरचा दगड एके काळी समुद्राच्या तळाशी होता, ही गोष्ट कितीदा वाचली तरी जुनी होत नाही.

आता गट पर्वत. खडक नेहमीच वाकत नाही, कधी मोडतोही. वाकणार की मोडणार हे कशावर अवलंबून? लोणावळ्याची चिक्की डोळ्यांसमोर आणा. पाक गरम असताना लाटणं फिरवलं तर तो मुकाट्याने पसरतो, वळतो. तोच निवला की टोकाला दाब देताच काडकन तुटतो. खडकाचंही तसंच. खूप खोलवर, उष्णतेत आणि दाबाखाली, लाखो वर्षं सावकाश ताण आला तर तो वळतो. वर, जमिनीजवळ, थंड असताना ताण आला तर तो तुटतो. तुटलेल्या रेषेवरून एक बाजू दुसरीपासून सरकली की त्याला भ्रंश म्हणतात. दोन भ्रंशांमधला तुकडा वर राहिला की गट पर्वत, खाली गेला की खचदरी. आपल्या उत्तरेला सातपुडा उभा आहे आणि त्याच्या दोन बाजूंनी नर्मदा आणि तापी भारताच्या बाकीच्या मोठ्या नद्यांच्या उलट, पश्चिमेला वाहतात. त्या खचलेल्या जमिनीतून वाट काढत जातात म्हणून.

इथपर्यंत पुतणी खूश होती. "मग सह्याद्री वली की गट?"

इथे पंचाईत आहे. जुन्नरला नाणेघाटात उभं राहून बघा, शिवनेरीकडे बघा, हरिश्चंद्रगडाकडे बघा. कड्यात आडव्या रेघा दिसतात, एकीवर एक, वहीत आखल्यासारख्या. घडी कुठेच नाही. १८३० च्या दशकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या या आडव्या थरांचं वर्णन लिहून ठेवलं. १८६० च्या दशकात ब्लॅनफर्ड यांनी त्यांचा पद्धतशीर अभ्यास केला. या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात ते स्वीडिश भाषेत जिन्याला 'ट्राप्पा' म्हणतात म्हणून. पायऱ्या पायऱ्यांचा डोंगर. सातवाहनांच्या काळात जुन्नरहून माल नाणेघाट उतरून कल्याणला आणि सोपाऱ्याला (म्हणजे आपल्या नालासोपाऱ्याला) बंदरावर यायचा, तो याच पायऱ्यांवरून. नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख ज्या लेण्यात आहे तेही याच आडव्या थरात कोरलेलं.

हे थर म्हणजे लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतल्या लांबच लांब भेगांतून तो बाहेर आला. शंकूसारखा ज्वालामुखी एकच होता आणि तो फुटला असं नाही. उतू गेलेल्या दुधासारखा लाव्हा दूरवर पसरला, थिजला, त्यावर पुन्हा दुसरा थर. आज उरलेला पसारा सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर आहे. कोयनेच्या परिसरात शास्त्रज्ञांनी तीन किलोमीटर खोल छिद्र पाडलं तेव्हा पहिले सुमारे सव्वा किलोमीटर हाच काळा दगड लागला, आणि त्याखाली त्याहून कितीतरी जुना ग्रॅनाइट.

म्हणजे सह्याद्री ज्वालामुखी पर्वत? तेही पूर्ण खरं नाही. लाव्ह्याने पठार केलं, डोंगर केला नाही. घाट चढून वर गेलो की पलीकडे उतार लागत नाही, सपाटीच लागते. माझ्या माहेरी डोंगरावर राहतो असं कोणालाच वाटत नाही. डोंगर दिसतो तो फक्त खालच्यांना! सह्याद्री हा पठाराचा काठ आहे. मग खरा प्रश्न असा होतो की पठार इथेच का संपतं? उरलेलं कुठे गेलं?

याचा धागा आमच्या बाजूला, खाली, कोकणात सापडला. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जे. बी. ऑडेन नावाचे भूवैज्ञानिक होते. (डब्ल्यू. एच. ऑडेन या प्रसिद्ध इंग्रजी कवीचे हे थोरले भाऊ.) त्यांनी १९४९ मध्ये पश्चिम भारतातल्या खडकांवर एक निबंध लिहिला. घाटावर आडवे असलेले लाव्ह्याचे थर कोकणातही बरेच अंतर आडवेच येतात आणि मग एका पट्ट्यात अचानक समुद्राकडे झुकतात, हे त्यात होतं. त्या झुकावाला त्यांनी पनवेलचं नाव दिलं. 'पनवेल फ्लेक्शर'. आपण पनवेलची मोड म्हणू. हा पट्टा पनवेलच्या दोन्ही अंगांना, किनाऱ्याला साधारण समांतर जातो, उत्तरेला आपल्या ठाणे-पालघरकडेही. मुंबईतले थर पश्चिमेला दहा-पंधरा अंशांनी कललेले आहेत, काही ठिकाणी कल त्याहून बराच जास्त आहे.

पलंगावर चादर घातली की ती गादीवर सपाट असते आणि कडेला आल्यावर खाली लोंबते. तसं. पण चादर लोंबते कारण पलंग तिथे संपतो. जमीन का लोंबावी?

कारण ती तिथे तुटत होती. भारताच्या पश्चिमेला तेव्हा आणखी जमीन जोडलेली होती. मादागास्कर त्याआधीच, सुमारे पावणेनऊ कोटी वर्षांपूर्वी सुटून गेलं होतं. लाव्ह्याचा पूर ओसरल्यावर थोड्याच काळात, म्हणजे सुमारे सव्वासहा कोटी वर्षांपूर्वी, सेशेल्स बेटं ज्या तुकड्यावर आहेत तोही सुटला. त्या बेटांवर आजही आपल्या लाव्ह्याच्या काळातले अग्निजन्य खडक सापडतात. तुटताना इकडची कड ताणली गेली, भेगाळली, तिचे तुकडे पायरीपायरीने खचत समुद्राखाली गेले. त्या खचलेल्या भागात पुढे गाळ साचला, प्रवाळ-शिंपल्यांचा चुनखडक तयार झाला, आणि १९७४ मध्ये मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर तिथेच तेल सापडलं. बॉम्बे हाय ते हेच. आमच्या स्कूटरमधल्या पेट्रोललासुद्धा या मोडीचा वास आहे म्हणायचा.

गंमत म्हणजे ऑडेन यांच्या मोडीला 'वाकणं' म्हणावं की 'तुटणं' यावर पुढे मतभेद झाले. काही अभ्यासकांनी जवळून पाहिलं तेव्हा त्यांना ती घडी न वाटता अनेक भ्रंशांनी मिळून तयार झालेली रचना वाटली. लांबून पाहिलं तर वाकलेलं, जवळ गेलं तर तुटलेलं. (नात्यांबद्दलही असं म्हणता येईल, पण आज नको.)

आता घाट. तुटण्याची रेषा तर किनाऱ्याजवळ किंवा त्याही पलीकडे, मग कडा इतका आत, कुठे पन्नास तर कुठे साठ-सत्तर किलोमीटरवर कसा? जुन्या काही अभ्यासकांना तो समुद्राने कापलेला कडा वाटला होता. आज मानतात ते असं की तुटलेली कड पावसाने आणि नद्यांनी कोरत कोरत मागे नेली. वैतरणा, सूर्या, उल्हास या सहा कोटी वर्षं तेच करत आहेत. वरचं ओझं कमी झालं की जमीन थोडी वर येते, जशी माल उतरवल्यावर होडी वर येते, आणि कडा उंचच राहतो. कळसूबाईचे १६४६ मीटर ते असे टिकलेले. मागे हटताना मधे मधे काही डोंगर राहून गेले. पालघर-मनोर रस्त्यावरचा काळदुर्ग, अशेरी, कोहोज, तांदुळवाडी, हे सगळे त्या पठाराचे मागे राहिलेले अवशेष.

माझ्या आजेसासूबाई परशुरामाची गोष्ट सांगायच्या. त्याने बाण मारला, समुद्र मागे हटला आणि कोकण उघडं पडलं. मला ही गोष्ट आजही आवडते, आणि ती खोडून काढायची मला हौस नाही. विज्ञानाची गोष्ट तिच्या शेजारी ठेवली तर एवढाच फरक दिसतो की तिच्यात समुद्रापेक्षा डोंगर जास्त हटला. तो मागे गेला म्हणून पायाशी ही भातखाचरांची, चिकूच्या वाड्यांची पट्टी मोकळी झाली. आपण राहतो ती जागा डोंगराने सोडलेली आहे.

तर पुतणीला मी उत्तर दिलं ते असं. सह्याद्री दगडाने ज्वालामुखीचा, जन्माने मोडीचा आणि रूपाने झिजेचा. तिने वहीत 'अवशिष्ट' लिहिलं. गुण मिळाले की नाही ते विचारलं नाही.

इथे थांबले असते तर ही सहा कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट झाली असती. पण मोड जुनी झाली म्हणून बुजत नाही. पालघर तालुक्यात सातिवली, हालोली, कोकनेर इथे गरम पाण्याचे झरे आहेत, पलीकडे तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. अशी उन्हाळी थेट दक्षिणेला राजापूरपर्यंत, सुमारे साडेतीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात आहेत. ज्वालामुखीशी त्यांचा संबंध नाही. पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल मुरतं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. झरा दिसला की खाली भेग आहे असं समजायचं.

बराच काळ समज असा होता की द्वीपकल्पातल्या या भेगा निपचित पडल्या आहेत. हिमालयात भूकंप होतात, दख्खन स्थिर. हा समज ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला मोडला. कोयनानगर उद्ध्वस्त झालं, सुमारे १८० माणसं गेली. नव्या धरणातल्या पाण्याने जुन्या भ्रंशाला चाळवलं असं अभ्यासकांचं मत झालं. योगायोग बघा, तारापूरचं अणुवीज केंद्र तेव्हा बांधून होत होतं, ते ऑक्टोबर १९६९ मध्ये सुरू झालं. आणि कवचाचे तुकडे सरकतात हा सिद्धांत जगभर मान्य होत होता तोही याच दोन-तीन वर्षांत. १९८३ मध्ये भातसा धरणाच्या परिसरात धक्के बसले. आणि मग २०१८ चा नोव्हेंबर.

डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, धक्के सुरू झाले ते थांबेचनात. एक मोठा भूकंप आणि मग शांतता असा प्रकारच नव्हता. लहान लहान हजारो धक्के, महिनोन् महिने. काही चारच्या वर गेले. याला भूकंप-समूह म्हणतात. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने यंत्रं बसवली. भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा यात हात असावा असं मत काही अभ्यासकांनी मांडलं. पाड्यांवरची माणसं थंडीत बाहेर झोपत होती, तंबू उभारले गेले. १ फेब्रुवारी २०१९ ला धक्का बसला तेव्हा पळापळीत पडून दोन वर्षांची एक मुलगी गेली. त्या दिवसांत आम्हाला बोईसरला 'वरून' फोन यायचे. ज्वालामुखी फुटणार आहे का? डोंगर वर येतोय का? घर विकून इकडे या! आईला मी तेव्हा नीट उत्तर देऊ शकत नव्हते. आता देते.

आई, ज्वालामुखी नाही. तो कधीच विझला. डोंगरही वर येत नाहीये. जुनी मोड आहे, ती अधूनमधून सावरून बसते. तिचा पुढचा दिवस, वार कोणी सांगू शकत नाही. पण भूकंपात माणूस बहुतेक वेळा जमिनीने मरत नाही, घराने मरतो. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत सुमारे दहा हजार माणसं गेली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि वरच्या मातीच्या भरभक्कम छपराखाली. आमच्याकडच्या वारली पाड्यांवर जुनी घरं कुडाची असतात. कारवीच्या काठ्या, वर शेण-मातीचा लेप. धक्का बसला की ती करकरतात, वळतात, फार तर लेप गळतो. त्यांच्या जागी आता विटांची 'पक्की' घरं येत आहेत, आणि यायलाच हवीत, कोणी कायम कुडात का राहावं? पण चार इंची भिंत, वर जड स्लॅब आणि कोपऱ्यात ना खांब ना सळई, असं घर पक्कं फक्त नावाला असतं. ते चिक्कीसारखं आहे, वळणार नाही, तुटेल. दारा-खिडक्यांच्या वरून चारी भिंतींना बांधणारी सळईची काँक्रीटची सलग पट्टी घालायला घराच्या एकूण खर्चाच्या मानाने फार पैसे लागत नाहीत. लागतं ते गवंड्याला सांगणं, आणि सांगायला आधी आपल्याला माहीत असणं.

म्हणून नातेवाइकांपैकी जे कोणी पालघर, डहाणू, बोईसरकडे घर बांधत असतील त्यांना हात जोडून विनंती आहे. फरशी कुठली, रंग कुठला हे नंतर ठरवा. पट्टी घातली का, ते आधी विचारा. आणि पुतणीच्या भूगोलाच्या बाईंना एक निरोप. पर्वतांचे प्रकार शिकवून झाले की मुलांना एकदा सातिवलीच्या कुंडावर न्या आणि पाण्यात हात बुडवू द्या. आमचा पर्वत कुठल्या प्रकारचा, ते पुस्तकापेक्षा तिथे लवकर कळेल.